व्हिनेगरच्या वासाचं पॅरिस

माझ्या कामाच्या वहीतली यंदाची एक नोंद : १७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळपासून एकच काम : एका जुन्या फ्रेंच वर्तमानपत्राच्या पानावरची प्लॅस्टिकची फिल्म काढायची. पान स्टीलच्या उथळ ट्रेमध्ये, दोन जाळीदार कापडांच्या मध्ये झोपवलेलं. वरून अ‍ॅसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायला वापरतात तेच, फक्त लिटरच्या हिशेबात. डोक्यावर वाफा ओढून घेणारी चिमणी, हातात मोजे, तोंडावर मास्क. थोड्या वेळाने फिल्म मऊ पडते, साबुदाण्याच्या खिरीसारखी बुळबुळीत होते आणि चिमट्याने कोपरा धरला की हळूहळू निघून येते. घाई केली तर पानाचा तुकडाही सोबत येतो. म्हणून घाई करायची नाही. माझ्या स्वभावाला हे काम अजिबात शोभत नाही, असं घरच्यांचं मत आहे. घरी मी कुकरची शिट्टी होईपर्यंत दुसरी दोन कामं उरकलेली असतात.

मी आखनमधल्या एका जुन्या ग्रंथसंग्रहाच्या दुरुस्ती विभागात काम करते. आखन म्हणजे जर्मनीचं पार पश्चिमेचं टोक. रविवारी सायकल काढली तर जेवायला हॉलंड आणि आइस्क्रीमला बेल्जियम करता येतं. इथली मराठी मंडळी बहुतेक इंजिनिअर किंवा आयटीवाली, नाहीतर इंजिनिअर होऊ घातलेली. गणपतीत नव्याने कुणी भेटलं की विचारतात, “तुम्ही कुठे असता?” मी सांगते, “कागद दुरुस्त करते.” एकाने विचारलं होतं, “म्हणजे झेरॉक्स मशीन?” दुसऱ्याने समजूतदारपणे मान हलवली आणि म्हणाला, “पण आता सगळं क्लाउडवर असतं ना?” मी म्हटलं, “हो. पण क्लाउडला बुरशी लागत नाही, म्हणून तिथे मला नोकरी नाही.”

या दिवाळी अंकासाठी संपादकांनी कामाच्या आठवणी मागितल्या, तेव्हा मला आधी तेच वर्तमानपत्र आठवलं. माझ्या हाताखालून किती तरी गोष्टी गेल्या आहेत, नकाशे, चर्चच्या जन्मनोंदी, एका सुईच्या कारखानदाराची नमुन्यांची पुस्तकं. पण जीव जडला तो हिच्यावर. जर्मनमध्ये वर्तमानपत्र स्त्रीलिंगी असतं, त्यामुळे आमच्या विभागात हिला पहिल्यापासून ‘दी पारीझरीन’ म्हणतात. मी मनात ‘पॅरिसवाली’ म्हणते.

पॅरिसवाली म्हणजे पॅरिसमधलं पहिलं दैनिक. लंडनकरांकडे रोजचं वर्तमानपत्र केव्हापासूनच होतं. पॅरिसकर मात्र आठवड्या-पंधरवड्याच्या बातम्यांवर भागवत होते. राज्यक्रांतीच्या बाराएक वर्षं आधी काही माणसांनी रोज चार छोटी पानं छापायला सुरुवात केली. लोकांना वाटतं, फ्रेंच वर्तमानपत्र म्हणजे पहिल्या दिवसापासून राजाला शिव्या. छे. राजकारण लिहायची परवानगीच नव्हती. मग रोज लिहायचं काय? तर काल हवा कशी होती, नदीचं पाणी किती चढलं, रस्त्यावरचे दिवे किती वाजता लागणार, नाटकगृहात आज काय आहे, लॉटरीचे आकडे, नवीन पुस्तकं, कोण वारलं. मला हे फार आवडतं. ही आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची बाजू झाली. माणसाला सकाळी उठल्यावर जे खरोखर लागतं ते तिने दिलं आणि लोकांनी ती घेतली.

एवढं साधं असूनही ती अडचणीत यायची. एकदा कुणा राजकन्येची थट्टा करणारी कविता छापली म्हणून काही काळ बंदच पडली होती. पुढे क्रांती झाली, राजकारण लिहायची मुभा मिळाली, आणि ज्या दिवसांत राजवाड्यावर जमाव चालून गेला त्याच दिवसांत तिच्या छापखान्याचीही मोडतोड झाली. काही आठवड्यांनी ती परत सुरू. नंतर फ्रेंचांनी आपलं सगळं कॅलेंडरच बदललं, महिन्यांना धुक्याची, बर्फाची, सुगीची नावं दिली, आठवडा दहा दिवसांचा केला. तिने निमूटपणे नवीन तिथ्या छापल्या. त्याच सुमारास आखनही फ्रेंचांच्या ताब्यात गेलं आणि इथल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी ती टपालाने यायला लागली. त्याने जुने अंकही मागवून घेतले, वर्षवार बांधले, आणि त्याच्या वंशजांनी ते सगळे खंड आमच्या संग्रहाला दिले.

आता कागदाबद्दल थोडं, म्हणजे पुढचं कळेल. लोक म्हणतात, इतका जुना कागद, हात लावला तर चुरा होत असेल. उलट आहे. त्या काळी कागद चिंध्यांपासून करत. जुने सदरे, चादरी, धोतरासारखं जे काही असेल ते कुजवून, कुटून. तो कागद चिवट असतो. चुरा होतो तो नंतरचा, लाकडाच्या लगद्याचा. माझ्या आजोबांच्या वेळचं वर्तमानपत्र माझ्या बोटांत पापडासारखं मोडतं आणि पॅरिसवाली मात्र वाळवलेल्या चादरीसारखी फडफडते. तिला काळाने काही केलं नाही. तिला केलं ते पाण्याने. दुसऱ्या महायुद्धात तिचे काही खंड तळघरात होते. वरची इमारत पडली, तळघरात पाणी साचलं, आणि बाहेर काढेपर्यंत बुरशीने आपलं काम केलं होतं. बुरशी लागलेला कागद कापसासारखा होतो. उचलला की बोटाचा ठसा उमटतो आणि ठशासकट तुकडा हातात येतो.

ते खंड तीसेक वर्षं तसेच बांधून ठेवले होते. सत्तरच्या दशकात एका माणसाने ते हातात घेतले. पान न् पान वेगळं केलं, दोन्ही बाजूंनी पारदर्शक फिल्म लावली, गरम दाबयंत्रात घालून चिकटवली आणि पुन्हा सुंदर बांधणी केली. प्रत्येक खंडाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत त्याचा छोटा शिक्का आहे. तेव्हा हे सगळ्यात आधुनिक तंत्र होतं. आता त्या फिल्मचं वय झालं आहे. ती पिवळी पडते, आकसते, आणि आकसताना तिच्यातून आम्ल सुटतं. चक्क व्हिनेगर. कपाट उघडलं की लोणच्याच्या कारखान्यात आल्यासारखं वाटतं. तेच आम्ल आता कागद खातंय. म्हणून मी फिल्म काढते. घरी आले की माझी मुलगी ईरा नाक मुरडून म्हणते, “मामा, डू रीख्स्ट नाख झालाट.” म्हणजे, आई, तुझ्या अंगाला सॅलडचा वास येतो. मी मराठीत ओरडते, ती जर्मनमध्ये हसते.

तो माणूस म्हणजे विली क्रेमर, माझे माइस्टर. इथे कारागिरीत ‘माइस्टर’ ही पदवी परीक्षा देऊन मिळवावी लागते, आणि एकदा मिळाली की माणूस ती मरेपर्यंत खाली ठेवत नाही. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा पुण्याची केमिस्ट्रीची पदवी कुणी विचारत नव्हतं. रोजगार कार्यालयातल्या बाईंनी सुचवलं, पुस्तकबांधणी शिका. शिरीष म्हणजे माझा नवरा म्हणाला, “तू? एका जागी बसून?” मी हट्टाने गेले.

क्रेमर तेव्हा निवृत्तीला आले होते. आडदांड माणूस, बोटं केळ्यांसारखी, आणि त्या बोटांनी माशीच्या पंखासारखा जपानी कागद उचलायचे. स्वभावाने विनम्र वगैरे मुळीच नाहीत. स्वतःच्या बांधणीवरून हात फिरवत मला म्हणायचे, “फ्राउ आपटे, हे बघा. हे असं कोलोनमध्ये कुणाला जमत नाही.” आखनच्या माणसाला कोलोन म्हणजे काय, हे कोल्हापूर-सांगलीच्या लोकांना समजावून सांगायला नको.

पहिल्याच महिन्यात त्यांनी मला गव्हाच्या सत्त्वाची खळ करायला सांगितली. कागदाला हीच खळ लावतात, बाजारचा गोंद नाही. मी पातेलं घेतलं, गार पाण्यात सत्त्व कालवलं आणि मंद आचेवर एकाच दिशेने हलवत बसले. गुठळी नाही, बुडाला लागणं नाही. ते बाजूला येऊन उभे राहिले.

“कुठे शिकलात?”

“कुरडयांचा चीक असाच करतात.”

“काय करतात?”

“खातात.”

“जा, जा,” म्हणून त्यांनी बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, “मीठ हवं.” त्या दिवसापासून खळ माझ्याकडे.

आणखी एक. जमिनीवर पडलेल्या कागदाला चुकून पाय लागला की मी वाकून हात लावते आणि कपाळाला नेते. सवय आहे, त्यात भक्ती किती हे मलाही माहीत नाही. त्यांनी एकदा पाहिलं, विचारलं, मी सांगितलं. काही महिन्यांनी त्यांच्या बुटाखाली एक कात्रण आलं, तर इकडे तिकडे बघून हा माणूस वाकला. मी बघितलं नसल्यासारखं केलं.

वाचनकक्षात पॅरिसवालीला भेटायला येणारी मंडळी हा वेगळा विषय आहे. एक गृहस्थ दर वसंतात यायचे आणि जुन्या लॉटरीचे आकडे उतरवून घ्यायचे. त्यांचं म्हणणं, आकडे फिरून येतात. मी विचारलं, “आले का?” ते म्हणाले, “अजून नाही, पण आता जवळ आलेत.” एक बाई नवऱ्याच्या वाढदिवसाला भेट शोधत आल्या. इथे जन्मदिवसाच्या तारखेचं जुनं वर्तमानपत्र भेट द्यायची पद्धत आहे. बाईंना जन्मसालाचं नको होतं, “ते सगळेच देतात.” त्याच तारखेची पॅरिसवाली हवी होती, आणि फोटो नाही, खरा अंक. “इतके आहेत तुमच्याकडे, एक कमी झाला तर कुणाला कळणार?” मी म्हटलं, “मला.” बाई रागावून गेल्या. दाराशी परत वळून विचारलं, “निदान त्या दिवशी हवा कशी होती ते सांगता का?” मी अंक काढून बघितला. पाऊस होता. बाई खूश झाल्या, म्हणाल्या, “त्याच्या प्रत्येक वाढदिवसाला असतो.”

आणि आमच्या तांत्रिक विद्यापीठातला एक मराठी मुलगा, नदीच्या पाण्याच्या उंचीवर काही तरी करत होता. तीन दिवस माझ्याशी अडखळत्या जर्मनमध्ये बोलला. चौथ्या दिवशी मी मराठीत सांगितलं, “पान वरच्या कोपऱ्यातून उलट, थुंकी लावू नकोस.” बिचाऱ्याच्या हातातली पेन्सिलच पडली. पुढे तो डबा खायला माझ्याकडे यायला लागला, पण ते असो.

आता मूळ गोष्ट. यंदा मे महिन्यात फ्रेंच काळातल्या आखनवर प्रदर्शन भरणार होतं आणि पॅरिसवालीला त्यात मानाची जागा होती. आमच्या विभागप्रमुख फ्राउ डॉक्टर लिंडेन. तरुण, हुशार, कामाला वाघ. त्यांनी एक वेगळी काचपेटी ठरवली होती : ‘दुरुस्तीने केलेलं नुकसान’. डावीकडे फिल्म लावलेला पिवळा खंड, उजवीकडे मी फिल्म काढून स्वच्छ केलेली पानं. पाटीवर लिहिलं होतं, ‘सत्तरच्या दशकातील अयोग्य दुरुस्तीमुळे झालेली हानी’.

मी पाटी वाचली आणि म्हटलं, “क्रेमर उद्घाटनाला येणार आहेत.”

“म्हणून तर मी नाव लिहिलेलं नाही,” फ्राउ लिंडेन म्हणाल्या. “मला कुणाला दुखवायचं नाही.”

“गावातल्या सगळ्या बाइंडरांना माहीत आहे ते खंड कुणाचे आहेत.”

“आल्झो, बरं तर, फ्राउ आपटे, हानी झाली आहे की नाही?”

झाली होती. रोज माझ्याच नाकात जात होती. खोटं लिहा, असं मी म्हणू शकत नव्हते. पण हा माणूस त्या खंडांना आपलं सगळ्यात चांगलं काम समजत होता. प्रत्येक नव्या शिकाऊ मुलाला ते दाखवायचा, मलाही दाखवले होते. ऐंशी ओलांडलेला माणूस रविवारी सूट घालून, बायकोला घेऊन येणार, आणि सगळ्या गावासमोर काचेत आपल्या हयातीच्या कामावर ‘हानी’ लिहिलेलं वाचणार. ते तिथे उभं राहून बघायची माझी तयारी नव्हती. पाटी छापायला जायला पंधरा-वीस दिवस होते. मी ठरवलं, आधी त्यांना सांगायचं. वाईट बातमी ही इंजेक्शनसारखी, लवकर दिलेली बरी.

रविवारी दुपारी क्रेमरांकडे कॉफीला गेले. जाताना रीसफ्लाडेन नेला. ही आखनची खासियत, तांदळाची घट्ट खीर भरून भाजलेला केक, मला त्यात वेलची कमी वाटते. सोबत एका पिशवीत काढलेल्या फिल्मचा तुकडा. फ्राउ क्रेमर म्हणजे त्यांच्या पत्नी मार्लीस यांनी टेबल मांडलं होतं. मी बसल्याबसल्याच पिशवी पुढे केली.

“माइस्टर, पॅरिसवालीची फिल्म काढतेय.”

त्यांनी पिशवी उघडली, नाकाशी नेली. “व्हिनेगर.”

“हो.”

“सगळ्या खंडांना?”

“सगळ्या.”

“विली, केक खा आधी,” मार्लीस म्हणाल्या.

“केक राहू दे!” त्यांनी पिशवी टेबलावर आपटली. “ती पानं बघितली होती का तुम्ही? तुम्ही तेव्हा कुठे होता? शाळेतही नव्हता! उचललं की पीठ व्हायचं. माझ्या आधीच्याने हात लावायला नकार दिला होता. मी काय करायला हवं होतं? फुंकर मारायची?”

“मी तुम्हाला दोष देत नाही.”

“मग कोण देतंय?”

मी पाटीबद्दल सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. गोड करून सांगणं मला जमत नाही आणि त्यांना चालत नाही. ते ऐकून उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

“आता रेडिओ लावतील,” मार्लीस म्हणाल्या. आतून रेडिओ सुरू झाला, कुठला तरी फुटबॉलचा सामना, भिंत हलेल इतका मोठा. “आमच्या साखरपुड्याच्या दिवशीही लावला होता. कारण नका विचारू.” त्यांनी उरलेला केक बांधून माझ्या हातात दिला. मी घरी आले. शिरीषने विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “केक परत आला.” त्याला कळलं. तो चहा टाकायला उठला.

आठवडाभर काही नाही. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा मार्लीसनी उचलला आणि म्हणाल्या, “बागेत आहेत.” पहिल्यांदा बाहेर गारा पडत होत्या.

मग एका सकाळी वर्कशॉपचा फोन वाजला. नाव नाही, नमस्कार नाही.

“कशाने काढताय?”

“अ‍ॅसिटोनने.”

“सुटतेय?”

“सुटतेय.”

“पूर्ण? शाई हलत नाही?”

“एक अक्षर नाही हललं.”

मग ते बोलायला लागले आणि मी चिमटा खाली ठेवला. त्या वेळी बाजारात दोन प्रकारच्या फिल्म होत्या. एक ही. दुसरी स्वस्त, चकचकीत, लावायला सोपी. तिचा विक्रेता दर आठवड्याला यायचा, आयुष्यभर टिकेल म्हणून सांगायचा. अर्ध्या जर्मनीने तीच घेतली. “मी त्याला विचारलं, काढायची असली तर कशी काढायची? तो म्हणाला, क्रेमरसाहेब, काढायची कशाला? मी त्याला हाकलून दिलं. जे सोडवता येत नाही ते मी कागदाला चिकटवत नाही. तुमच्या त्या पाटीत हे आहे का?”

“नाही.”

“मग घाला.”

हे खरं होतं. ती दुसरी फिल्म लावलेले दस्तऐवज आमच्याकडे इतर ठिकाणांहून येतात आणि आम्ही ते जसेच्या तसे परत करतो. त्यांचं काही करता येत नाही, ती कागदात मुरलेली असते. मी रोज फिल्म सोडवत होते आणि ती सुटते का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. नळाला पाणी येतं तेव्हा ते कुणी आणलं असं आपण कुठे विचारतो?

मी तडक फ्राउ लिंडेनकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. “गेनाऊ, अगदी बरोबर, हे पाटीत आलंच पाहिजे,” त्या म्हणाल्या. “पण हानी हा शब्द मी काढणार नाही.”

“काढू नका. कागद खाल्लाय तो खाल्लाय.”

त्यानंतर चार दिवस मी दोघांच्या मधली टेलिफोन ऑपरेटर झाले. क्रेमरना ‘अयोग्य’ हा शब्द नको होता, त्यांना ‘त्या काळी योग्य’ हवं होतं. फ्राउ लिंडेन ‘त्या काळी प्रचलित’ वर आल्या. क्रेमर म्हणाले, “प्रचलित? प्रचलित ती दुसरी होती! मी प्रचलित काही केलं नाही!” फ्राउ लिंडेन म्हणाल्या, पाटीला सहाच ओळी आहेत. शेवटी दोघं बरेच जवळ आले, आणि मी मजकूर फोनवर वाचून दाखवला. मला वाटलं, संपलं.

“माझं नाव कुठे आहे?” क्रेमर म्हणाले.

“नाव घालायचं नाही ठरलंय. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून.”

“कुणी ठरवलं? शिक्का मी मारलाय, फिल्म मी लावलीय, व्हिनेगर माझं आहे. चूक दाखवायची आणि माणूस लपवायचा? मी काय चोर आहे?” आणि मग एकदम हळू आवाजात, “फ्राउ आपटे, नाव नसलेलं काम हे कुणाचंच नसतं. तसं नका करू.”

तेव्हा मला कळलं की आम्ही दोघी सुशिक्षित बायका दयाळूपणाने त्यांच्याकडून काय काढून घेत होतो. ते आठवडाभर ‘हानी’ या शब्दावर रुसले आहेत असं मी धरून चालले होते. ते रुसले होते नाव नाही म्हणून.

पाटी छापली ती अशी : ‘युद्धकाळात भिजून ही पानं बुरशीने मोडकळीला आली होती. सत्तरच्या दशकात पुस्तकबांधणीचे माइस्टर विली क्रेमर, आखन, यांनी ती फिल्म लावून वाचवली. आज तीच फिल्म कागदाची हानी करत आहे. ती आपण काढू शकतो, कारण त्यांनी काढता येणारी फिल्म निवडली होती.’

उद्घाटन रविवारी सकाळी अकराला. भाषणं, संत्र्याचा रस, स्पार्कलिंग वाइन. क्रेमर निळ्या सुटात आले, हातात काठी, बाजूला मार्लीस. इतर काचपेट्यांकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. सरळ आपल्या पेटीसमोर गेले, पाटी वाचली, पुन्हा वाचली, चष्मा बदलून तिसऱ्यांदा वाचली. मी दोन हात अंतरावर उभी होते. शिरीष माझ्या कानात म्हणाला, “श्वास घे.”

“ओळी तिरक्या आहेत,” क्रेमर म्हणाले.

मग ते तिथेच उभे राहिले, एखादा वाणी दुकानाच्या दारात उभा राहतो तसे. कुणी पेटीपाशी आलं की काठीने दाखवायचे. “हे पिवळं दिसतंय ना? ते माझं. वास येतो. आणि ते पांढरं, ते हिचं, माझ्या विद्यार्थिनीचं.” शाळेच्या एका मास्तरांनी विचारलं, “मग चूक झाली म्हणायची का?” क्रेमर म्हणाले, “झाली. पण पान अजून आहे. तुम्ही वाचताय ना?” ते मास्तर खरोखरच खाली वाकून वाचायला लागले. नदीला पूर आल्याचा दिवस होता तो.

गर्दीतून श्मिट्झ आले. हेही जुने बाइंडर, क्रेमरांचे जन्माचे प्रतिस्पर्धी. काचेवर वाकले, नाक उडवलं. “काय क्रेमर, तुझ्या व्हिनेगरचं प्रदर्शन भरवलंय म्हणे!”

“माझं निदान सुटतंय,” क्रेमर म्हणाले. “तू लावलेलं अजून चिकटून बसलंय. विचार हिला.”

श्मिट्झनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मार्लीस एवढ्या मोठ्याने हसल्या की भाषण करणारे महापौर थांबले.

निघताना मी त्यांना कोट घालायला मदत केली. हात आत जात नव्हता, मी बाही धरली, त्यांनी चालवून घेतलं. हे एरवी त्यांनी कुणाला करू दिलं नसतं.

“अजून किती खंड आहेत?” त्यांनी विचारलं.

“बरेच. माझ्या निवृत्तीपर्यंत पुरतील.”

“हं.” कोटाची बटणं लावत ते जमिनीकडे बघून म्हणाले, “बुधवारी मार्लीस जिम्नॅस्टिकला जाते. मी मोकळा असतो. ओलं पान कसं धरायचं ते तुमच्यापेक्षा मला अजूनही चांगलं येतं.”

“हात थरथरतात तुमचे.”

“धरताना नाही थरथरत.”

आमच्या वर्कशॉपला मागच्या दाराने तीन पायऱ्या उतरून जावं लागतं, धरायला काही नाही, आणि हिवाळ्यात त्यावर मीदेखील एकदा आडवी झाले आहे. पण हे त्यांच्यासमोर बोलण्यात अर्थ नव्हता. “बघू,” एवढंच मी म्हटलं. टॅक्सी आली, मार्लीसनी त्यांना आत ढकललं, आणि काच खाली करून ते ओरडले, “आणि खळ पातळ करताय तुम्ही! काचेतून दिसतंय!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आल्या आल्या इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरला फोन केला आणि मागच्या पायऱ्यांना कठडा बसवून मागितला. त्याने विचारलं, पाहुण्यांसाठी का? पाहुण्यांना पुढचं दार आहे. “पाहुण्यांसाठी नाही,” मी म्हटलं, “कामावर माणूस येतोय.” बुधवारच्या आत होईल का विचारलं, आणि मग कपाटातला मोठ्या मापाचा एप्रन काढून धुवायला टाकला.